खेळाडू दुसऱ्याचे, क्लब शहराचा: रॉचेस्टरच्या मायनर लीग बेसबॉलचं गणित

१ जुलै २०२४ रोजी जेम्स वूड नावाच्या धिप्पाड तरुणानं वॉशिंग्टन नॅशनल्सकडून अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च, म्हणजे मेजर लीगमध्ये पदार्पण केलं. त्याआधी त्या हंगामात तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, रेड विंग्ज या क्लबकडून खेळत होता आणि बेदम फटके मारत होता. ऐन भरात असताना त्याला वॉशिंग्टननं वर बोलावलं. रेड विंग्जला त्याच्या बदल्यात पैसे मिळाले नाहीत, आणि त्याला सोडायचं की नाही हेही कुणी विचारलं नाही. ऑगस्ट संपता संपता डिलन क्रूज हा दुसरा तारा असाच गेला.

आयपीएलचे लिलाव बघत वाढलेल्या आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. आपला सर्वात चांगला खेळाडू हंगामाच्या मधोमध कुणीतरी उचलून नेतं, आणि तरीही लोक दुसऱ्या दिवशी तिकीट काढून सामन्याला जातात? ज्यांची मुलं रॉचेस्टरला शिकायला आहेत, किंवा जे स्वतः कोडॅक, झेरॉक्सच्या नोकऱ्यांमुळे त्या शहरात राहिले, त्यांना रेड विंग्ज हे नाव ऐकून माहीत असतं. पण या क्लबचं गणित मात्र बहुतेकांना उलगडलेलं नसतं. ते उलगडण्यासारखं आहे, कारण शंभराहून अधिक वर्षं एका मध्यम शहरानं आपला खेळ कसा टिकवला, त्याचं उत्तर त्यात आहे.

मायनर लीग म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत बेसबॉलचे सर्वात वरच्या दर्जाचे ३० संघ आहेत. त्यांची मिळून मेजर लीग. त्याखाली चार पायऱ्यांची एक शिडी आहे: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सर्वात वर ट्रिपल-ए. प्रत्येक मेजर संघाचा प्रत्येक पायरीवर एकेक क्लब, म्हणजे एकूण १२० क्लब. याखेरीज अगदी नवख्यांसाठी प्रशिक्षण संकुलांमधले संघ असतात ते वेगळे. या सगळ्याला मायनर लीग म्हणतात. रॉचेस्टर ट्रिपल-एमध्ये आहे, म्हणजे शिखराच्या फक्त एक पायरी खाली.

ही शिडी किती उभी आहे याचं आपल्याला कळेलसं उदाहरण रिंकू सिंगचं. हा क्रिकेटवाला रिंकू नव्हे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हा भालाफेकपटू २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडला गेला आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याच्याशी करार केला. काही वर्षांच्या मेहनतीनंतर तो सिंगल-एपर्यंत पोचला, पुढे दुखापतींनी घात केला. अमेरिकेतल्या मुलांचंही बहुधा असंच होतं. करार झालेल्यांपैकी बहुतेकजण मेजर लीगचं मैदान खेळाडू म्हणून कधी बघतच नाहीत.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये खालच्या गटातला विजेता वरच्या गटात चढतो. बेसबॉलमध्ये असं होत नाही. वर जातो तो खेळाडू, क्लब जागच्या जागी राहतो. रॉचेस्टरनं १९२८ ते १९३१ अशी सलग चार वर्षं आपली लीग जिंकली, तरी त्यांना मेजर लीगचं दार उघडलं नाही. खरं तर १८९० मध्ये एकाच हंगामापुरता रॉचेस्टरचा संघ त्या काळच्या एका मेजर लीगमध्ये होता. ते दार बंद झालं ते कायमचं.

मग क्लब कुणाचा आणि खेळाडू कुणाचे?

आपल्याकडे जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवा. मैदान भरवते यात्रा कमिटी. आखाडा, बैठक, वर्गणी, बक्षिसाची रक्कम, लाउडस्पीकर सगळं कमिटीचं. पैलवान मात्र तालमीचे. कुणाला कुठल्या मैदानात उतरवायचं, कुणाला अजून घोटायचं, हे वस्ताद ठरवणार. मैदान रंगलं तर नाव गावाचं होतं, पण पैलवानावर गावाचा हक्क नसतो.

मायनर लीगमध्ये कमिटीच्या जागी स्थानिक क्लब असतो आणि तालमीच्या जागी मेजर लीगचा संघ, ज्याला मूळ क्लब म्हणू. खेळाडू, मॅनेजर (बेसबॉलमध्ये म्हणजे मुख्य प्रशिक्षक) आणि कोच यांचे पगार मूळ क्लब देतो. कोण खेळणार, कोणता पिचर, म्हणजे गोलंदाज, किती चेंडू टाकणार, हेही तोच ठरवतो. स्टेडियम चालवणं, तिकिटं, जाहिराती, खाण्यापिण्याचे स्टॉल आणि त्याचा नफातोटा स्थानिक क्लबकडे. या नात्याला संलग्नता म्हणतात. रेड विंग्ज आज वॉशिंग्टनशी संलग्न आहेत.

ही व्यवस्था आपोआप घडली नाही. शंभर वर्षांपूर्वी मायनर क्लब बऱ्याच अंशी स्वतंत्र होते. ते स्वतः पोरं हेरायचे, तयार करायचे आणि मेजर संघांना विकायचे. १९२० च्या दशकात सेंट लुई कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी वेगळा विचार केला. श्रीमंत संघांशी बोलीत आपण टिकणार नाही, तर खेळाडू स्वतःच का पिकवू नयेत? त्यांनी खालचे क्लबच विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून जास्त क्लब आले, आणि बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला.

रॉचेस्टर या साखळीतला मोहरा ठरलं. १९२८ मध्ये कार्डिनल्सनी इथला क्लब घेतला, आणि लगेच १९२९ मध्ये नॉर्टन स्ट्रीटवर नवंकोरं स्टेडियम बांधून दिलं. स्टॅन म्यूझियल १९४१ मध्ये इथूनच वर गेला आणि कार्डिनल्सचा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू झाला. जोवर मालकाला गरज होती तोवर शहराचं उत्तम चाललं होतं.

१९५७: मालकानं हात झटकले तेव्हा

दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगला अभूतपूर्व गर्दी झाली. १९४९ मध्ये देशभरात ५९ लीग होत्या आणि प्रेक्षकांची संख्या चार कोटींच्या घरात होती. मग घराघरात टीव्ही आला. न्यूयॉर्क यांकीजचा सामना दिवाणखान्यात फुकट दिसत असताना गावच्या मैदानात घाम गाळत कोण बसणार? लोक शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले. वातानुकूलित घरं आली. लीगमागून लीग बंद पडत गेल्या, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या वीसच्याही खाली आली.

१९५६ चा हंगाम संपल्यावर कार्डिनल्सनी रॉचेस्टरमधून अंग काढून घ्यायचं ठरवलं. क्लब आणि स्टेडियम दोन्ही विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं नसतं तर क्लब दुसऱ्या शहरात गेला असता किंवा संपला असता.

तेव्हा मॉरी सिल्व्हर हे स्थानिक व्यावसायिक पुढे झाले. एखाद्या धनिकाला गाठण्यापेक्षा त्यांनी शहरालाच विकत घ्यायला लावलं. कंपनी काढली, रॉचेस्टर कम्युनिटी बेसबॉल, आणि तिचे शेअर सामान्य लोकांना विकायला सुरुवात केली. हिवाळ्याचे दिवस, बेसबॉलचा हंगाम अजून लांब. तरीही १९५७ च्या फेब्रुवारीपर्यंत ८,२२२ लोकांनी शेअर घेतले. क्लब आणि स्टेडियम शहरातल्या माणसांच्या मालकीचे झाले.

हा ८,२२२ चा आकडा रॉचेस्टरनं विसरू दिलेला नाही. बेसबॉलमध्ये एखाद्या थोर खेळाडूचा शर्टावरचा क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत, तो मानानं निवृत्त करतात. रेड विंग्जनं निवृत्त केलेल्या क्रमांकांत एक चार आकडी आहे: ८२२२. शर्टाच्या पाठीवर हा क्रमांक घालून कुणी कधी खेळलं नाही. तो मॉरी सिल्व्हर यांच्या नावानं आहे, पण मोजतो तो शेअर घेणाऱ्यांना. मला या सगळ्या इतिहासात याहून सुंदर सन्मान दिसत नाही.

शेअर घेऊन लोकांना मिळालं काय?

आर्थिक भाषेत सांगायचं तर फारसं काही नाही. हा शेअर कुणी श्रीमंत व्हायला घेतला नव्हता. मिळाला तो निर्णयाचा हक्क. क्लब शहरात राहणार की जाणार, हे आता सेंट लुईच्या कचेरीत ठरणार नव्हतं.

आणि मालकी आली की जबाबदारीही आली. पुढच्या दहा वर्षांत क्लबची आर्थिक ओढाताण झाली, तेव्हा सिल्व्हर यांनाच पुन्हा सूत्रं हातात घ्यावी लागली. १९६८ मध्ये स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १९७४ मध्ये ते गेले. नंतर त्यांची मुलगी नेओमी सिल्व्हर क्लबच्या प्रमुखपदी आली. लोकांच्या मालकीचा क्लबसुद्धा कुणीतरी रोज उठून चालवावा लागतो, हे या घराण्याकडे बघून पटतं.

निकाल दुय्यम असेल तर लोक बघतात तरी काय?

हा आक्षेप रास्त आहे. संघ जिंकण्यापेक्षा खेळाडू घडवणं मूळ क्लबला महत्त्वाचं असेल, तर प्रेक्षकानं जीव कशात गुंतवायचा?

एक उत्तर म्हणजे माणसं. ल्यूक ईस्टर हा कृष्णवर्णीय खेळाडू तरुणपणी वर्णभेदामुळे मेजर लीगबाहेर राहिला, उशिरा क्लीव्हलँडला संधी मिळाली, आणि १९५९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर तो रॉचेस्टरला आला. तो आता वर जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९६४ पर्यंत तो इथेच राहिला आणि शहराचा लाडका झाला. त्याचा ३६ क्रमांकही निवृत्त झाला आहे. वर जाणाऱ्यांना शाबासकी देणारं हे मैदान खाली आलेल्याला मायाही लावतं.

दुसरं उत्तर म्हणजे प्रसंग. ईस्टर आला त्याच वर्षी, २५ जुलै १९५९ च्या रात्री, रेड विंग्ज क्युबाची राजधानी हवाना इथे खेळत होते. तेव्हा हवानाचा शुगर किंग्ज हा क्लब रॉचेस्टरच्याच लीगमध्ये होता. क्रांती होऊन सात महिने झाले होते. सामना लांबत मध्यरात्रीपलीकडे गेला. २६ जुलै हा कॅस्ट्रोंच्या चळवळीचा दिवस, त्यामुळे बारा वाजताच स्टेडियमच्या आत-बाहेर बंदुकांच्या फैरी झडू लागल्या. रॉचेस्टरच्या मॅनेजरला पंचांनी हुज्जत घातल्याबद्दल बाहेर काढलं होतं, म्हणून त्याच्या जागी फ्रँक व्हर्डी तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून उभा होता. वरून आलेली एक गोळी त्याच्या डोक्यावर आदळली. टोपीच्या आत त्यानं प्लॅस्टिकचं संरक्षक अस्तर घातलं होतं, त्यावरून ती घसरली आणि तो वाचला. हवानाच्या लिओ कार्देनासच्या खांद्याजवळूनही एक गोळी शर्ट फाडून गेली. रेड विंग्ज पुढचा सामना न खेळता घरी परतले. वर्षभरात, जुलै १९६० मध्ये, लीगनं शुगर किंग्जना हवानाहून उचलून न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला हलवलं. एका शहराचा क्लब असा एका फटक्यात गेला.

दुसरा प्रसंग १८ एप्रिल १९८१ चा. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावी रेड विंग्जचा सामना सुरू झाला. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढे चालू. इथे बरोबरी सुटेचना. मध्यरात्रीनंतर खेळ थांबवण्याचा जो नियम लीगमध्ये होता, तो नेमका त्या पंचांच्या नियमपुस्तिकेतून गळला होता. बोचरी थंडी होती. अखेर लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते, ३२ इनिंग झाल्या होत्या, धावसंख्या २-२ आणि प्रेक्षक उरले होते १९. उरलेला सामना २३ जूनला झाला, तेव्हा ३३व्या इनिंगमध्ये, अवघ्या १८ मिनिटांत, पॉटकेटनं तो ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा आजवरचा सर्वात लांब सामना. रॉचेस्टरकडून त्यात कॅल रिप्केन खेळला आणि पॉटकेटकडून वेड बॉग्ज. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हुपर्ट ३१ इनिंग यष्टिरक्षकासारखा गुडघ्यांत वाकून बसला होता. असा सामना बघायला विजेतेपदाची गरज पडत नाही.

शहर खालावलं, क्लब का खालावला नाही?

रॉचेस्टर म्हणजे कोडॅक. १९८२ च्या सुमारास एकट्या कोडॅकमध्ये शहर परिसरातले साठ हजार लोक कामाला होते. डिजिटल कॅमेऱ्यानं फिल्मचा धंदा संपवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ३ लाख ३२ हजार होती, २०२० मध्ये ती २ लाख ११ हजारांवर आली. अशा उतरणीवर खेळाचा क्लब सहसा आधी जातो.

इथे उलट झालं. जुनं सिल्व्हर स्टेडियम थकल्यावर १९९७ मध्ये क्लब शहराच्या मध्यावर, कोडॅकच्या मुख्यालयाजवळ, नव्या मैदानात आला. ते फ्रंटियर फील्ड या नावानं उघडलं, मालकी मन्रो काउंटीची, म्हणजे स्थानिक सरकारची. त्याच वर्षी रेड विंग्जनं लीगचा गव्हर्नर्स कपही जिंकला.

२००२ मध्ये क्लबनं एक ठाम निर्णय घेतला. १९६१ पासून ४२ हंगाम बाल्टिमोर ओरिओल्सशी संलग्नता होती. पण मूळ क्लब सतत कमकुवत खेळाडू पाठवत होता आणि प्रेक्षक वैतागले होते. करार संपताच रॉचेस्टरनं ओरिओल्सना निरोप दिला आणि मिनेसोटा ट्विन्सशी जोडणी केली. तालीम बदलायचा हक्क कमिटीला होता, तो तिनं वापरला.

मैदानावर मजेशीर गोष्टीही चालू राहिल्या. रॉचेस्टरचा स्थानिक पदार्थ आहे गार्बेज प्लेट: तळलेले बटाटे आणि मॅकरोनी सॅलडवर बर्गर किंवा हॉटडॉग, त्यावर मसालेदार खिम्याचा रस्सा, कांदा आणि मोहरीची चटणी, सगळं एकाच ताटात कालवून. काही ठरावीक सामन्यांना रेड विंग्ज या ताटाच्या नावानं ‘प्लेट्स’ म्हणून मैदानात उतरतात, शर्टासकट.

२०२० नंतर काय बदललं?

फार मोठं बदललं, आणि मला त्याची काळजी वाटते. २०२० पर्यंत मेजर आणि मायनर या दोन वेगळ्या संघटना होत्या, दर काही वर्षांनी बसून करार करायच्या. तो करार २०२० मध्ये संपला. साथीमुळे तो हंगाम रद्दच झाला होता आणि मायनर क्लबांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. मेजर लीगनं सगळी व्यवस्था स्वतःच्या हाती घेतली, संलग्न क्लब सुमारे १६० वरून १२० वर आणले, आणि उरलेल्यांना दहा वर्षांचा परवाना दिला. कुठला क्लब कुणाशी जोडायचा हे आता मेजर लीगच्या बाजूनं ठरतं. ट्विन्सना आपल्या शेजारचं सेंट पॉल हवं होतं, ते त्यांनी घेतलं. रॉचेस्टर वॉशिंग्टनकडे गेलं. २००२ चा तो हक्क संपला.

एवढे क्लब एका झटक्यात कापायची ताकद कुठून आली, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९२२ च्या एका निकालातून. त्यानुसार मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही.

कापलेल्यांत रॉचेस्टरचा शेजारी बटेव्हिया होता. तासाभराच्या आत गाडीनं पोचता येईल असं हे छोटं गाव. १९३९ मध्ये तिथे एका लीगची स्थापना झाली होती, आणि २००८ पासून जवळपास दहा वर्षं तिथला क्लब रेड विंग्जनंच चालवला. आता तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळतात. बेसबॉल आहे, शिडी नाही.

दुसरा बदल मालकीचा. खासगी गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहिलेली डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज ही एकच कंपनी आता चाळीसहून अधिक मायनर क्लबांची मालक आहे, म्हणजे एकूण क्लबांच्या एक तृतीयांशाहून जास्त.

पण या बदलात चांगलं काहीच नाही का?

आहे, आणि ते मान्य करायला हवं. मायनर खेळाडू वर्षानुवर्षं हलाखीत राहिले. फक्त हंगामापुरता पगार, तोही तुटपुंजा, एका भाड्याच्या खोलीत चार-पाच जण. २०२२ मध्ये ते खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला करार झाला. त्यानुसार ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला, आधीच्या दुपटीहून थोडा जास्त. तरी दरी केवढी बघा: त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. वूडसाठी १ जुलै ही तारीख काय होती, हे या दोन आकड्यांवरून समजतं. रॉचेस्टरच्या प्रेक्षकांनी त्याला आनंदानं निरोप दिला असेल तर त्यात नवल नाही.

लोकांची मालकी म्हणजे क्लब जाणार नाही याची हमी?

नाही. रॉचेस्टरहून दीड तासावर सिरॅक्यूज आहे. तिथला क्लबही अनेक दशकं सामान्य भागधारकांचा होता. २०१७ मध्ये भागधारकांनीच मतदान करून तो न्यूयॉर्क मेट्सला विकला. क्लब अजून त्याच शहरात आहे, पण त्याचं भवितव्य आता मेट्सच्या मालकांच्या हातात आहे.

पॉटकेटचं त्याहून वाईट झालं. ज्या गावात ३३ इनिंगचा सामना झाला, तिथला क्लब खासगी मालकांचा होता. २०१५ मध्ये तो नव्या गुंतवणूकदारांना विकला गेला, त्यांना नवं स्टेडियम हवं होतं, वाटाघाटी फिसकटल्या, आणि २०२१ मध्ये क्लब शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला गेला. पॉटकेटचं मॅकॉय स्टेडियम २०२५ मध्ये पाडायला घेतलं. त्या जागी शाळा होणार आहे.

रेड विंग्जचा परवाना २०३० पर्यंत आहे. परवान्याच्या नूतनीकरणात मेजर लीग बघेल ती मैदानाची अवस्था: खेळाडूंच्या खोल्या, दिवे, सरावाच्या जागा. या अटी पुऱ्या करायला सरकारी पैसा लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे मन्रो काउंटीचे लोकप्रतिनिधी ठरवतात. म्हणजे क्लब रॉचेस्टरला राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी वॉशिंग्टनच्या संघाच्या गुणतक्त्याइतकंच काउंटीच्या अंदाजपत्रकाकडे लक्ष ठेवायला हवं, आणि भागधारक असतील तर वार्षिक सभेला जायला हवं.